सिस्टरांनी फाटक उघडलं नाही

सालवे सिस्टर थकलेल्या नाहीत असा एकही दिवस माझ्या पाहण्यात नाही. अंगण झाडून झालं की ‘थकले गं बाई’, खुर्चीत बसल्या की ‘थकले’, खुर्चीतून उठल्या की पुन्हा ‘थकले’. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई आता आडव्या होणार. त्या आडव्या होत नसत, तेवढं म्हणून पुढच्या कामाला लागत. एकदा न राहवून मी विचारलं, “सिस्टर, इतक्या थकता तर जरा बसत का नाही?” तर म्हणाल्या, “बसून कुटं थकवा जातोय व्हय? बोलून टाकला की जातो.”

दौंडच्या रेल्वे दवाखान्यात त्यांनी आख्खी नोकरी काढली. रिटायर होऊन वर्षं लोटली तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. त्यांचं नाव मार्था आहे हे मला त्यांच्या लग्नाच्या फोटोखाली वाचून कळलं. खुद्द त्यांचे यजमानसुद्धा त्यांना सिस्टर म्हणत. सालवे मामा मालगाडीवर गार्ड होते. अंगाने काटकुळे, बोलायला गोड, आणि छातीने कायमचे अधू. “घरात सिस्टर असल्यावर मानसानं पेशंट व्हावं, उगं तोंड चालवू न्हाई,” असं म्हणून ते खुशाल तोंड चालवत.

माझं माहेर शिरूरचं. दौंडच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा सालव्यांच्या समोरचं घर भाड्याने घेतलं, आणि पुढे तेच विकत घेतलं. सामान उतरत होतं तेव्हा सिस्टर रस्ता ओलांडून आल्या. मला वाटलं, चहाला बोलवायला आल्या असतील. नाव नाही, गाव नाही, जात-पात नाही. त्यांनी सरळ अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आत पाहिलं. “रक्त न्हाई अंगात. खजूर खातीस का न्हाई? शेखांच्या घरात खजुराला काय तोटा?” म्हणजे आडनाव आधीच काढून आल्या होत्या. मग म्हणाल्या, “चला, चहा झालाय.”

‘कशी आहेस’ असं त्या कुणाला विचारत नसत. ‘कुठं दुखतंय?’ हाच त्यांचा रामराम. भाजीवालीला, पोस्टमनला, लग्नाला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा. गंमत म्हणजे बहुतेकांचं काहीतरी दुखतच असे, आणि भाजी राहायची बाजूला. दया त्यांना आवडत नसे. रोग्याजवळ बसून कुणी चुचकारायला लागलं की त्या त्याला उठवून पाणी तापवायला पाठवत. “कळवळा घेऊन बसू नगंस. बेडपॅन घे,” हे वाक्य मी माझ्या सासूच्या आजारपणात स्वतः ऐकलं आहे, आणि त्या दिवशी मला त्याचा फार आधार वाटला.

रविवारी त्या नियमाने चर्चला जात आणि नियमाने झोपत. पहिल्या गीताला सगळ्यांत वरचा आवाज त्यांचा. उपदेश सुरू झाला की मान छातीवर. नव्या पाळकसाहेबांनी सुरुवातीला ते मनाला लावून घेतलं. घरी येऊन आडून आडून विषय काढला. सिस्टर म्हणाल्या, “साहेब, वार्डात उभ्या जन्माची झोप ऱ्हायली माझी. देवाच्या दारात मिळती ती घेऊ द्या. त्यो काय बोलत न्हाई, तुमी कशाला बोलताय?” पाळकसाहेबांनी पुन्हा विषय काढला नाही. उलट सिस्टर कधी जाग्या दिसल्या तर उपदेश संपल्यावर ते तब्येतीची चौकशी करत.

आणि करंज्यांचा दिवस. नाताळच्या आधी एक दिवस ठरवून गल्लीतल्या सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन सिस्टरांच्या पुढच्या खोलीत जमत. दिवाळीचा फराळ करून हात अवघडलेले असत तरी एकही बाई टाळत नसे. कुणी लाटायचं, कुणी भरायचं, कुणी कातायचं याच्या ड्युट्या सिस्टर लावून देत आणि कामचुकारपणा केला तर ड्युटी बदलत. शेवटी उरल्या पिठाचा एक मोदक वळत. करंज्यांना सोबत म्हणून मोदक करायची आपल्याकडे रीतच आहे, पण चर्चमधल्या एका बाईंनी एकदा नाक मुरडलं, “सिस्टर, हे कशाला आपल्याकडं?” सिस्टरांनी मोदक कढईत सोडला. “आगं, एवढ्या बाया मिळून करतोय, आन् करंजीला सोबत नगं व्हय?” मामा दारात खुर्ची टाकून बसलेले. तेल तापलं की “लाइन क्लिअर!” म्हणून ओरडायचे. पहिली करंजी त्यांची. तोंड भाजलं तरी ‘जमलीय’ म्हणायचे.

हा सगळा थाट मात्र रिटायर झाल्यानंतरचा. नोकरीत असताना सिस्टरांना नाताळ असा मिळालाच नाही. दिवाळीत बाकीच्यांना रजा हवी म्हणून त्या ड्युटी करत, आणि नाताळात त्यांची रजेची पाळी आली की नेमकं कुणीतरी आजारी पडे, कुणाचं मूल पडे, आणि सिस्टर पुन्हा ड्युटीवर. एकुलती एक मुलगी रिबेका. तिचा नाताळचा फ्रॉक मामांनी इस्त्री करायचा, वेण्या मामांनी घालायच्या; एक वर, एक खाली. रिबेका मला सांगायची, “बाई, चर्चमध्ये सगळ्यांच्या आया शेजारी असायच्या. माझी आई संध्याकाळी यायची, माझ्या डोक्यावरनं हात फिरवायची, आणि फ्रॉक न बघताच झोपायची.” हसत सांगायची. पण प्रत्येक वर्षी सांगायची.

रिबेकाचं लग्न शिरूरला झालं. जावई रांजणगावकडच्या एका कंपनीत सुपरवायझर. माझं येणं-जाणं होतंच, त्यामुळे न्हावऱ्याच्या रस्त्याने इकडचे डबे तिकडे आणि तिकडचे इकडे पोचवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. सिस्टर त्यावर चकार शब्द काढत नसत. मामा मात्र माझ्यापाशी म्हणायचे, “गाडी लेट हाय बाई, पर कॅन्सल न्हाई.”

गाडी आली ती नेमकी साथीच्या वर्षी. भर पावसाळ्यात शिरूरला रिबेकाला मुलगी झाली. सिस्टरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं काढली आणि आपल्या लेकीच्या वेळी त्या दौंडात अडकून पडल्या. जायला मनाई होती असं नाही. पण मामांचा दम त्या वर्षी फार वाढला होता. चार पावलं चालले की भिंत धरत. ‘मी दवाखान्यात जाऊन आले आन् ह्यांच्यासाठी रोग घेऊन आले तर?’ एवढंच सिस्टर म्हणाल्या. बाळंतपण विहीणबाईंनी केलं. नातीचं नाव शारोन ठेवलं हेसुद्धा मोबाइलवर कळलं. मामांना मोबाइल सरळ धरता येत नसे. पलीकडून रिबेका ओरडायची, “पप्पा, तुमचा कानच दिसतोय!” आणि मामा त्या कानाला हात लावून म्हणायचे, “अगं मग कानच दाव तिला. ऐकू तर यील.”

त्या दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक घराला सिस्टर हव्या होत्या. फाटकाच्या आत खुर्ची टाकून त्या बसत आणि लोक रस्त्यात उभे राहून विचारत. ताप किती, खोकला कसा, चव लागते का. कुरकुंभच्या कंपन्यांतून शिफ्ट करून येणारी माणसं घरात शिरण्याआधी त्यांना विचारून जात. आमच्या गल्लीतली दोन माणसं त्या वर्षी गेली. दोघांनाही सिस्टरांनी वेळेवर दवाखान्यात जायला सांगितलं होतं आणि दोघांच्याही घरच्यांनी ‘उद्या बघू’ म्हटलं होतं. त्यानंतर सिस्टर ‘थकले’ म्हणायच्या बंद झाल्या. मला ते ऐकू न येणं फार जाणवायचं.

मामांनी सगळी भिस्त नाताळवर ठेवली होती. साथ ओसरली होती, गाड्या थोड्याफार सुरू झाल्या होत्या. शारोनचा बाप्तिस्मा दौंडच्याच चर्चमध्ये नाताळात करायचा, आणि पाळकसाहेब पाणी शिंपडतील तेव्हा पोर आपल्या हातात असली पाहिजे, हे मामांनी पक्कं केलं. रिबेकाचा जुना पाळणा माळ्यावरून काढून घेतला. खाट विणतात तशी त्याची नाडी बसल्या बसल्या पुन्हा विणली. दम लागला की थांबायचे, मग पुन्हा दोन वेढे. धडधाकट माणसाचं आठवड्यात झालं असतं. मामांना आख्खा महिना लागला.

नाताळ तोंडावर आला आणि जावयांच्या कंपनीतल्या लाइनवरचा एक माणूस पॉझिटिव्ह निघाला. एकाच बसने जाणारे, एकाच टेबलावर जेवणारे. जावयांना काहीच होत नव्हतं. तपासणीही नंतर करू म्हणाले. सिस्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “येऊ नगा.”

रिबेका रडली, भांडली. जावयांनी समजावलं. मामांनी जेवण सोडलं. सिस्टर ढळल्या नाहीत. बाप्तिस्मा पुढे ढकलला. करंज्यांचा दिवस तर त्या वर्षी नव्हताच. सिस्टरांनी एकटीनेच थोड्या करंज्या केल्या. मी समोरून पाहत होते. एकीकडे लाटायच्या, उठून तळायच्या, पुन्हा येऊन लाटायच्या. मामा दारातल्या खुर्चीत होते, पण तेल तापल्याचं ते काही बोलले नाहीत.

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मोजकीच माणसं, बाकीच्यांना उपासना मोबाइलवर. दोघं व्हरांड्यात शेजारी शेजारी बसून स्टुलावरच्या मोबाइलमधलं ऐकत होती. मामांनी पांढरा शर्ट घातला होता. पहिल्या गीताला सिस्टरांचा आवाज आला. मामांना गाताना दम लागत होता म्हणून ते नुसते ओठ हलवत होते. उपदेशाला सिस्टरांची मान पडली. मला बरं वाटलं, म्हटलं एवढं तरी रोजच्यासारखं आहे.

दुपारी गल्लीत गाडी आली. रिबेका ऐकणाऱ्यातली नव्हती. आईचीच लेक. जावई स्टिअरिंगवर मान खाली घालून बसलेले, आणि ती बाळाला छातीशी धरून फाटकापाशी. फाटकाला आतून कडी होती. सिस्टर उठून आल्या आणि चार हातांवर थांबल्या.

“आई, कडी काढ.”

“तितनंच बोल, रिबी. ऐकू येतंय.”

“आम्हाला कुणालाच काही नाही. ताप नाही, खोकला नाही, काही नाही.”

“आज न्हाई. परवाचं तुला ठावं न्हाई, मलाबी न्हाई.”

मामा व्हरांड्याचा खांब धरून उभे राहिले होते. “सिस्टर,” ते म्हणाले, “एकडाव द्या की हातात. मी तोंड बांधतो. दोन बांधतो. लगीच माघारी देतो.”

“तुमच्या छातीत किती जागा ऱ्हायलीय ते मला म्हाईत हाय.”

“मग ती कशासाठी राखून ठिवू, ते तरी सांगा.”

आम्ही गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी होतो आणि कुणालाच घरात जाणं सुचत नव्हतं. खरं सांगते, मला त्या क्षणी सिस्टरांचा भयंकर राग आला. असा कसा दगड, वाटलं. उघड ना बाई कडी. म्हाताऱ्याने पाळणा विणलाय.

रिबेका म्हणाली, “मी लहान होते तेव्हा पेशंटसाठी तू नाताळला घरी नव्हतीस. आज घरी आहेस, तर मलाच पेशंट केलंस.”

तरीही सिस्टर हलल्या नाहीत. रिबेकाने मग बाळाला दोन्ही हातांनी फाटकाच्या वर उचलून धरलं. मामांनी एव्हाना तोंडाला बांधलेला रुमाल खाली ओढला, आपलं तोंड नातीला दिसावं म्हणून. बाळाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने भोकाड पसरलं. मामा हसले. हात हलवत राहिले. बाळाला खाली घेतलं तरी त्यांचा हात हलतच होता.

जाताना रिबेकाने फाटकाच्या खांबावर डबा ठेवला. तिने केलेला केक होता. गाडी निघेपर्यंत सिस्टर उभ्या राहिल्या, मग डबा उचलून त्यांनी अंगणात उन्हात ठेवला. त्या वर्षी बाहेरून आलेलं सगळं सगळेच उन्हात ठेवत होते. दूध, भाजी, नोटासुद्धा. सिस्टरांच्या हाताला ती सवयच पडली होती. पण गाडी गल्लीच्या टोकाला ट्रकसाठी थांबली होती आणि रिबेका मागच्या काचेतून बघत होती. पुढे कित्येक दिवस ती मला फोनवर एकच म्हणायची, “फाटकाचं मी समजून घेतलं बाई. पण माझा केक उन्हात ठेवला तिने.”

शिरूरच्या घरात कुणालाच काही झालं नाही. जावयांची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. सासू, सासरे, बाळ, सगळे ठणठणीत. जपलं आणि काही झालं नाही, की जपणाराच वेडा ठरतो. कडी काढली असती तरी चाललं असतं, हे आता सगळ्या गल्लीला कळत होतं. सिस्टरांनाही कळत होतं.

मामा थंडी संपायच्या आत गेले. जुनाच दम, त्या साथीचा काही संबंध नव्हता. सकाळी सिस्टर चहा घेऊन गेल्या तर ते बसल्या बसल्या उशीला टेकून गेलेले. त्या दिवशी फाटक सताड उघडं होतं. रिबेका आली ती थेट आत, बाळाला कडेवर घेऊन पप्पांच्या शेजारी उभी राहिली. आईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. दफन झालं, माणसं पांगली, गाडी शिरूरला परत गेली. आतल्या खोलीत पाळणा होता. त्यावर कुणीतरी जुनी चादर टाकली होती.

महिन्याभराने सिस्टर माझ्याकडे येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “चुकलं का गं बाई माजं?”

मी म्हटलं, “नाही सिस्टर. त्यांना काही झालं असतं तर तुम्ही स्वतःला माफ केलं नसतं.”

“आता तरी कुटं करतीय? पर तुला सांगू का, तोच दिस पुन्ना आला तर मी पुन्ना कडी लावीन. त्याचंच वाईट वाटतं.” मग खूप महिन्यांनी मी ते ऐकलं, “थकले गं बाई.” पण या वेळी त्या उठल्या नाहीत. माझ्या खुर्चीतच डोळे मिटून बसून राहिल्या. मी चहा केला, तो निवला, पुन्हा केला.

पुढची वर्षं अशीच गेली. रिबेका येई, आईची औषधं भरून जाई, रात्र काढत नसे. बाप्तिस्मा शिरूरलाच झाला. सिस्टर तिकडे जाऊन पाहुण्यासारख्या मागच्या बाकावर बसून आल्या. त्या दिवशी त्या उपदेशात झोपल्या नाहीत, हे मी मुद्दाम पाहिलं. करंज्यांचा दिवस पुन्हा सुरू करायला आम्ही दोन-तीन जणींनी म्हणून पाहिलं. “आता नगं,” म्हणाल्या. कुणाच्या पापण्या ओढून बघणंही कमी झालं. गल्लीतली नवी भाडेकरू मंडळी त्यांना नुसती आजी म्हणायला लागली. मला ते ऐकवत नसे.

मग न्हाणीत पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघे गेले. रिबेकाने विचारलं-बिचारलं काही नाही. एका रविवारी गाडी घेऊन आली आणि आईला शिरूरला न्यायचं म्हणून सामान बांधायला लागली. सिस्टरही नको म्हणाल्या नाहीत. दोघी दिवसभर ‘हे घ्यायचं, हे नाही’ एवढंच बोलत होत्या. पाळणा कुणाला द्यायचा हे काही ठरेना, तो तसाच आत राहिला.

दुपार कलली तेव्हा मी सिस्टरांना धरून पायऱ्या उतरवत होते. एक हात माझ्या खांद्यावर, एका हातात काठी. शारोन आता चांगली बोलकी झाली होती. भिंतीवरून उतरवलेला मामांचा फोटो तिच्याकडे दिला होता, तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती फाटकाजवळ उभी होती. रिबेका दाराला कुलूप घालत होती.

“मम्मी,” शारोन म्हणाली, “आजोबांनी मला घेतलं होतं?”

सिस्टर पायरीवरच थांबल्या. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलेलं मी पाहिलं.

रिबेकाने कुलपावरची नजर काढली नाही. “घेतलं होतं की,” ती म्हणाली. “इथंच, फाटकापाशी. नाताळ होता. तू नुसती रडत होतीस.”

“मग?”

“मग आजीने तुला त्यांच्याकडनं घेतलं आणि गप्प केलं.”

किल्ली काढून तिने पर्समध्ये टाकली. सिस्टर तिच्याकडे पाहत होत्या. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात इतका जड झाला की मला पाय रोवून उभं राहावं लागलं. रिबेका आली, तिने दुसऱ्या बाजूने आईचा दंड धरला आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना गाडीत बसवलं. शारोन शेजारी चढली. फोटो मांडीवर ठेवून तिने आजीला विचारलं, “आजी, मी लई रडले?”

सिस्टरांनी पदराने तोंड पुसलं.

“लय रडलीस,” त्या म्हणाल्या. “पर आजोबा तुला सोडायलाच तयार न्हवते.”

रिबेकाने बाहेरून गाडीचं दार लावलं.